प्रोफेसर देवधर आणि त्यांचा संघ

गेल्या हिंवाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर देवळी तालुक्यांतील एक कास्तकार गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांचा मुलगा नववींत शिकतो. अभ्यासांत तो पहिल्या दहांत असतो, आणि शाळेच्या क्रिकेट संघांत त्याच्याइतका भरंवशाचा फलंदाज दुसरा नाहीं. वडिलांनीं त्यास संघांतून काढून घ्यावयाचें ठरविलें होतें. त्यांचें म्हणणें थोडकेंच होतें. "पोट्टा एक तर पुस्तक धरन, नाहीतर बॅट धरन. दोन्ही कसं जमन, गुरुजी?" बोलण्यांत राग नव्हता. यंदा कापसाचें काय झालें, थोरल्या मुलाचें शिक्षण कां अर्धवट राहिलें, हें सर्व त्यांनीं शांतपणें सांगितलें. मग जातां जातां विचारलें कीं, विद्वान् म्हणून ज्यास लोक मान देतात अशा एखाद्या माणसानें उभा जन्म खेळांत घालविला, असें एक तरी उदाहरण तुमच्या माहितींत आहे काय? मीं एक नांव घेतलें. परंतु उंबऱ्यांत उभें राहून घाईनें दिलेलें उत्तर त्यांच्या मनांत उतरलें नाहीं, हें मला स्पष्ट दिसलें. तेंच उत्तर आतां सावकाश लिहितों.

हें काम दुसऱ्या देशांत कसें चालतें तें आधीं पाहूं. अमेरिकेंतील महाविद्यालयांत खेळाचा संघ तयार करणारा गृहस्थ हा गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षकासारखाच पगारी माणूस असतो. त्यास 'कोच' म्हणतात. मुलें निवडणें, त्यांस रोज मैदानावर घोटून घेणें, कोणाचा दोष कशांत आहे तें हेरणें आणि सामन्याच्या दिवशीं कोणास कोठें उभें करावयाचें तें ठरविणें, हें त्याचें काम. या पेशास प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अमोस अलोंझो स्टॅग यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. स्टॅग यांचा जन्म १८६२ सालचा. धर्मोपदेशक व्हावें म्हणून ते येल येथें शिकत होते. परंतु वक्तृत्व आपल्या अंगीं नाहीं हें ध्यानांत आल्यावर त्यांनीं तो विचार सोडला आणि मैदान हेंच आपलें कार्यक्षेत्र मानलें. आज आपल्या मुली जो बास्केटबॉल खेळतात, त्याचा लोकांपुढें झालेला पहिला सामना ११ मार्च १८९२ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा झाला. शिक्षक ५-१ असे हरले, आणि तो एकुलता एक गुण स्टॅग यांनीं मिळविला होता! त्याच वर्षीं शिकागो विद्यापीठानें त्यांस शारीरिक शिक्षणाचे प्रमुख म्हणून, प्राध्यापकवर्गांत जागा देऊन, नेमलें. तेथें ते १९३२ पर्यंत, म्हणजे ४१ हंगाम, फुटबॉल शिकवीत राहिले. (हा फुटबॉल आपला नव्हे, लांबट चेंडू हातांत धरून धांवण्याचा, फार आडदांड असा तो खेळ आहे.) सत्तरी झाली म्हणून विद्यापीठानें त्यांस निवृत्त केलें, तेव्हां ते घरीं न बसतां कॅलिफोर्नियांतील दुसऱ्या एका महाविद्यालयांत गेले आणि १९४६ पर्यंत, वयाचीं ८४ वर्षें होईपर्यंत, तेंच काम करीत राहिले.

आपल्या देशांत असा पगारी पेशा उशिरां आला. स्प्रिंगफील्डच्याच संस्थेंत शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस वाय. एम. सी. ए. ची व्यायामशिक्षणाची शाळा काढली. आपल्या शेजारीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालींच आखाडा घालून ज्या कार्याचा पाया घातला, तें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पुढें फार मोठें झालें, आणि १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं तेथील मंडळींनीं आपले देशी खेळ जगास दाखविले. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथें एवढेंच सांगावयाचें कीं, महाविद्यालयांत मात्र पुष्कळ वर्षें खेळाची धुरा ज्यांनीं वाहिली, त्यांचा पगार दुसऱ्याच विषयाचा होता. वर्गांत एक शास्त्र शिकवावयाचें, आणि त्याच पायांनीं मैदानावर जाऊन दुसरें. अशा माणसांत सर्वांत थोर प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर होत.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यास झाला. पुढें सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नांवानें प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या महाविद्यालयांत ते संस्कृताचे प्राध्यापक झाले. क्रिकेट शिकविण्याबद्दल त्यांस कोणी वेतन देत नव्हतें, आणि क्रिकेट खेळून कोणाची चूल पेटेल असा तो काळही नव्हता. संस्थानिकांनीं आश्रय दिला तर कांहीं खेळाडूंस नोकरी मिळे; इतरांस आपला धंदा सांभाळूनच खेळावें लागे. देवधर वरच्या दर्जाचें क्रिकेट १९११ पासून १९४६ पर्यंत खेळले. पहिल्या महायुद्धापूर्वीं ज्यानें बॅट धरली, तो दुसरें महायुद्ध संपल्यावरही मैदानावर होता. या पस्तीस वर्षांत त्यांचे वरच्या दर्जाचे सामने झाले अवघे ८१. धांवा ४,५२२ आणि शतकें ९. भागाकार केला तर वर्षाकाठीं अडीच सामनेही पडत नाहींत. आजचा तरुण खेळाडू इतके सामने एका पंधरवड्यांत खेळतो. तेव्हां माझ्या त्या पालकांचा प्रश्न देवधरांनाही पडला असता तर नवल नव्हतें: वर्षांत दोन-अडीच सामने, आणि त्यांसाठीं बारा महिने शरीर राखावयाचें कशाला? देवधरांनीं तें राखलें एवढें खरें. कारण त्याचें फळ पन्नाशीच्या आसपास दिसलें, आणि पन्नाशींत मिळणारें फळ विशींतच पेरावें लागतें, हें कास्तकाराच्या मुलास मीं काय सांगावें?

आतां त्यांच्या फलंदाजीविषयीं. १९२६ च्या हिंवाळ्यांत आर्थर गिलिगन या इंग्लिश कर्णधाराच्या हाताखालीं एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला. त्या वेळीं आपल्या देशास कसोटी सामने खेळण्याचा अधिकार नव्हता. आपण त्या योग्यतेचे आहों, हेंच अद्याप सिद्ध व्हावयाचें होतें. डिसेंबर महिन्यांत मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनीं १५३ धांवांचा जो डाव खेळून दाखविला, त्याची कथा आमच्या आजोबांच्या पिढीनें आम्हांस सांगितली आहे. नायडू आपल्या नागपूरचे, आणि हिस्लॉप या मिशनच्या संस्थेंत शिकलेले. म्हणून त्या कथेची गोडी इकडे अधिक. परंतु त्याच महिन्यांत, त्याच मैदानावर, अखिल हिंदी संघाकडून देवधरांनीं १४८ धांवा केल्या आणि पाहुण्यांवर पहिल्या डावाची आघाडी मिळवून दिली, हें तितकेंसें सांगितलें जात नाहीं. नायडूंचा डाव विजेसारखा होता. देवधरांच्या डावानें हिशेब पुरा केला. एक डाव नशिबानें साधतो असें म्हणतां येतें. एकाच महिन्यांत दोघांनीं तें केल्यावर तसें म्हणावयास जागा उरली नाहीं. १९२८ सालीं हिंदी क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें, आणि जून १९३२ मध्यें नायडूंच्या नेतृत्वाखालीं आपला संघ लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला.

त्या संघांत देवधर नव्हते. त्यांचें वय चाळीस झालें होतें. ज्या दाराला हात लावून त्यांनीं तें उघडावयास मदत केली, त्यांतून आंत जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें; पुढेंही ते अधिकृत कसोटी सामना कधींच खेळले नाहींत. योगायोग असा कीं शिकागोनें वयाकडे बोट दाखवून स्टॅग यांस निरोप दिला तें सालही १९३२ च. दोघांचीही गोष्ट येथें संपली असती तर कोणास आश्चर्य वाटलें नसतें. माझ्या मतें देवधरांचें खरें कार्य येथून पुढें सुरू होतें.

तें समजण्यासाठीं त्या काळचें क्रिकेट कसें वांटलेलें होतें तें सांगणें प्राप्त आहे. मुंबईस दरवर्षीं एक मोठी स्पर्धा होत असे. आरंभीं ती युरोपियन आणि पारशी यांच्यांत होती. १९०७ सालीं हिंदू, १९१२ सालीं मुसलमान आणि १९३७ सालीं 'रेस्ट' नांवाचा पांचवा संघ तींत आला. रेस्ट म्हणजे उरलेले. हिंदी ख्रिस्ती, यहुदी, बौद्ध वगैरे जे कोणत्याही गणतींत बसत नव्हते, त्यांचा हा संघ. सामने उत्कृष्ट होत, प्रेक्षक लोटत, खेळाडूंमध्यें परस्परांविषयीं आदरही असे. परंतु संघांत तुमचें स्थान कोणतें, हें तुम्ही कोणत्या घरीं जन्मलां यावरून ठरत असे. आणि एकदां हा हिशेब सुरू झाला म्हणजे तो दारापाशीं थांबत नाहीं, घरांतही शिरतो.

तो हिंदू संघांत शिरलाच. पाळवणकर बाळू हे त्या काळचे अत्यंत थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. ते चांभार जातींत जन्मलेले. पुण्यास क्रिकेट खेळत असतां त्यांस मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा दिला जात असे. त्यांस संघाचें नेतृत्व कधींही मिळालें नाहीं. १९२० सालीं तर बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें, आणि नेमलेले कर्णधार आजारी पडल्यावर धुरा बाळूंच्या अनुभवी बंधूंकडे, विठ्ठल यांच्याकडे, न देतां देवधरांकडे देण्यांत आली. तेव्हां विठ्ठल आणि त्यांचे बंधु शिवराम यांनीं जाहीर पत्रक काढून सामन्यांतून अंग काढून घेतलें. निवड देवधरांनीं केली नव्हती, जिमखान्याच्या चालकांनीं केली होती. तरी ज्याचें गुणगान करावयाचें त्याच्या चरित्रांतून हा प्रसंग गाळणें मला बरें वाटत नाहीं. जातीनें दिलेला मान घेणारा आणि तिनें नाकारलेला, असे दोघेही गुणी पुरुष एकाच मैदानावर समोरासमोर उभे केले गेले, हें त्या व्यवस्थेचें खरें रूप होय. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षीं हिंदू संघ विजयी झाला.

या स्पर्धेशीं आपल्या वर्ध्याचाही एक संबंध आहे. डिसेंबर १९४० मध्यें मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचा सल्ला घेण्यासाठीं येथें आले. तो वैयक्तिक सत्याग्रहाचा काळ होता. आपल्या पवनारचे विनोबा पहिले सत्याग्रही म्हणून ऑक्टोबरांत तुरुंगांत गेले होते, आणि अशा वेळीं आपल्या संघानें खेळावें कीं नाहीं, असा त्या मंडळींस पेंच पडला होता. गांधीजींनीं खेळूं नये असें तर सांगितलेंच. पण त्याहून पुढें जाऊन या पद्धतीच्या मुळावरच बोट ठेवलें. महाविद्यालयामहाविद्यालयांत, संस्थासंस्थांत सामने व्हावेत हें आपणांस समजतें, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ पाडून खेळण्याचें कारण आपणांस कधींच उमगलें नाहीं, या आशयाचें त्यांचें निवेदन प्रसिद्ध झालें. त्या हंगामांत हिंदू संघ स्पर्धेंत उतरला नाहीं. स्पर्धा त्यानंतरही चालली, आणि १९४६ सालीं बंद झाली. क्रिकेट न खेळणाऱ्या माणसानें क्रिकेटविषयीं काढलेले हे उद्गार आपल्या गांवच्या मातींत उमटले आहेत, आणि वर्ध्याच्या मुलांस ते ठाऊक असूं नयेत हें बरें नव्हे. गेल्या वर्षीं मधल्या सुटींत मुलांनीं आपण होऊन दोन संघ पाडले होते: एक वसतिगृहाचा, एक गांवचा. पहिले दोन दिवस फार मजा आली. तिसऱ्या दिवशीं धांवा मोजण्यावरून टोमणे सुरू झाले, आणि चौथ्या दिवशीं बॅट माझ्या टेबलावर येऊन पडली.

दुसरी वाट आधींच खुली झाली होती. १९३४ च्या हंगामापासून रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली, आणि तींत संघ प्रांतांचे होते. महाराष्ट्राच्या संघाचे कर्णधार म्हणून प्रोफेसर देवधर उभे राहिले. पुष्कळ ठिकाणीं संघाचें नेतृत्व राजेरजवाड्यांकडे असे. येथें एक कॉलेजचा मास्तर होता, तोही अठ्ठेचाळिशीस टेकलेला. मुंबईसारखा पैसा महाराष्ट्राच्या संघापाशीं नव्हता, तिच्याइतके सराईत खेळाडूही नव्हते. होती तीं तरुण मुलें. १९३९-४० च्या हंगामांत अंतिम सामन्यांत संयुक्त प्रांताचा पराभव करून त्यांनीं महाराष्ट्रास पहिल्यानें करंडक मिळवून दिला, आणि पुढच्याच हंगामांत मद्रासेस हरवून तो राखला.

या मुलांत विजय हजारे होते. हजारे सांगलीचे, एका शाळामास्तरांच्या आठ मुलांपैकीं एक, आणि मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतले. त्यांस खेळाचे धडे ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांजकडून मिळाले होते, तेव्हां ते देवधरांनीं घडविले असें म्हणणें खरें होणार नाहीं. परंतु धडे मिळणें वेगळें आणि खेळावयास मोकळें रान मिळणें वेगळें. १९३९-४० सालीं पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. हिंदी खेळाडूनें केलेलें तें पहिलें त्रिशतक. फलकावरील हा आंकडा सर्वांस ठाऊक आहे. मला त्याच डावांतील दुसरा आंकडा अधिक मोलाचा वाटतो. महाराष्ट्राचे आठ गडी बाद झाल्यावर हजारे यांच्या जोडीस नगरवाला आले, आणि त्या दोघांनीं नवव्या गड्यासाठीं २४५ धांवा जोडल्या. एक ख्रिस्ती, एक पारशी. आणि मंडपांत बसून पाहणारा कर्णधार संस्कृताचा प्राध्यापक. मुंबईच्या स्पर्धेंत हे तिघे तीन निराळ्या संघांचे गडी ठरले असते. पुण्याच्या त्या मैदानावर तिघांचा संघ एकच होता.

याच्या शेजारीं डिसेंबर १९४३ चा सामना ठेवून पाहा. मुंबईस पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत हजारे 'रेस्ट'कडून हिंदूंविरुद्ध खेळत होते. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धांवांमुळें हिंदूंच्या ५८१ झाल्या होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धांवा झाल्या, त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचे धाकटे बंधु विवेक तासन्‌तास दुसरें टोंक धरून उभे राहिले. दोघांच्या ३०० धांवांच्या भागींत विवेक यांच्या २१. इतकें करूनही डाव आणि ६१ धांवांनीं पराभव. क्रिकेटच्या इतिहासांत याहून एकाकी पराक्रम क्वचित् सांपडेल. मुलगा तोच, बॅट तीच, धांवाही जवळ जवळ तितक्याच. एके ठिकाणीं तो करंडक जिंकणाऱ्या संघाचा आधार होता, दुसरे ठिकाणीं उरलेल्यांचा.

कर्णधार म्हणून देवधरांनीं काय शिकविलें याचा उत्तम दाखला १९४०-४१ च्या हंगामांत पुण्यास झालेल्या मुंबईविरुद्धच्या सामन्यांत मिळतो. ज्या पालकांस क्रिकेट परिचित नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों: नेमलेल्या दिवसांत दोन्ही संघांचे दोन-दोन डाव पुरे झाले नाहींत, तर पहिल्या डावांत ज्याच्या धांवा अधिक तो संघ पुढें जातो. म्हणून अशा सामन्यांत झटपट खेळणाऱ्यापेक्षां खांब रोवून उभें राहणाऱ्याची किंमत अधिक. महाराष्ट्राच्या धांवा झाल्या ६७५. त्यांत देवधरांच्या स्वतःच्या २४६! पन्नाशी जवळ आलेली, समोर मुंबईचे तरणेबांड गोलंदाज, आणि हा गृहस्थ जागचा हलत नाहीं. मुंबईनेंही हार मानली नाहीं. मर्चंट यांनीं शतक ठोकलें. आणि खंडू रांगणेकर यांनीं २०२ धांवा काढल्या. हे रांगणेकर कोण? आदल्याच वर्षीं महाराष्ट्राच्या संघांत प्रथम येऊन पदार्पणांतच शतक काढणारे तेच. आपणच ज्यास संधि दिली तो मुलगा समोरून द्विशतक काढतो आहे, हें पाहण्याची पाळी शिक्षकावर कधीं कधीं येते. आणि खरें सांगावयाचें तर त्यांत दुःखापेक्षां दुसरेंही कांहीं असतें. मुंबईचा डाव ६५० वर संपला. पांच-पांच, सहा-सहाशें धांवांच्या त्या राशींत शेवटीं अंतर उरलें २५ धांवांचें, आणि महाराष्ट्र पुढें गेला.

कोच बाहेर उभा राहून सांगतो. देवधर आंत उभे राहून दाखवीत. हा भेद मोठा आहे. विशीच्या मुलास 'घाई करूं नको' असें शंभरदां सांगून कळत नाहीं. समोरच्या टोंकाला आपल्या वडिलांच्या वयाचा माणूस ऊन अंगावर घेत तासामागून तास टिकून राहिलेला दिसला म्हणजे तें एकदम कळतें. १९४४ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, देवधरांनीं नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं: १०५ आणि १४१. शाळेंतील ज्या मुलांस पंचविशीच्या खेळाडूस 'म्हातारा झाला' म्हणण्याची संवय आहे, त्यांनीं हे आंकडे वहींत लिहून ठेवावेत.

त्यांच्या हाताखालून गेलेले गडी पुढें दूरवर गेले. हजारे आणि रंगा सोहोनी १९४६ सालीं इंग्लंडास गेले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर ते दोघे आणि रांगणेकर असे तिघेही होते. त्या दौऱ्यांत ॲडलेड येथें ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध हजारे यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं, आणि फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासेस आपल्या देशानें जो पहिला कसोटी विजय मिळविला, त्याचे कर्णधार हजारेच होते. जें दार देवधरांस बंद राहिलें, त्यांतून हीं मुलें आंत गेलीं. स्वतः देवधरांनीं निवृत्तीनंतर राष्ट्रीय निवड समितीवर काम केलें, महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेचें अध्यक्षपद सांभाळलें आणि खेळावर लिहिलें. घरींही तीच हवा होती. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही कन्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत बॅडमिंटनमध्यें राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. त्या काळीं किती घरांतून मुलींस रॅकेट घेऊन मैदानावर जाऊं दिलें जात असे, याचा विचार आपल्या मुलींच्या आयांनीं अवश्य करावा.

सरकारनें त्यांस १९६५ सालीं पद्मश्री आणि १९९१ सालीं पद्मभूषण देऊन गौरविलें. जानेवारी १९९२ मध्यें त्यांनीं आयुष्याचें शतक पुरें केलें, आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. तिकडे स्टॅग १९६५ सालीं, १०२ वर्षांचे होऊन वारले. मैदानावर आयुष्य घालविल्यानें तें वाढतें असा सिद्धांत मी मांडीत नाहीं. पण त्यानें तें वायां जातें, हा समज तरी या दोन वृद्धांकडे पाहून सोडून द्यावा लागेल. १९९६ सालीं टपाल खात्यानें चार क्रिकेटपटूंचीं तिकिटें काढलीं, त्यांत नायडू, मर्चंट आणि विनू मंकड यांच्या पंक्तीस देवधर आहेत. चौघांपैकीं कसोटी सामना न खेळलेले तेवढेच एक.

१९७३-७४ सालीं विभागाविभागांतील एकदिवसीय सामन्यांची स्पर्धा सुरू झाली, तिच्या करंडकास देवधरांचें नांव दिलें गेलें. राज्याराज्यांतील एकदिवसीय स्पर्धेस पुढें विजय हजारे यांचें नांव मिळालें. शिक्षकाच्या मुलाचें एक, शिक्षकाचें दुसरें.

त्या कास्तकार गृहस्थांस हा अंक मुलाच्याच हातीं पाठवीत आहें. पोट पाण्याचा प्रश्न त्यांनीं काढला होता, तो मी विसरलों नाहीं. आज क्रिकेटमध्यें पैसा पुष्कळ आहे, पण तो फारच थोड्यांच्या वाट्यास येतो, आणि त्या आशेवर मुलास खेळवा असें मी कोणत्याही पालकास सांगणार नाहीं. देवधरांची चूल संस्कृतावर पेटत होती. मुलाचे वार्षिक परीक्षेचे गुण मीं पाहिले आहेत. गणितांत तो गेल्या वर्षापेक्षां सात गुणांनीं पुढें आहे. पावसाळा संपला म्हणजे सरावास सुरुवात होईल. तोंपर्यंत तिसऱ्या क्रमांकाची जागा मीं कोणास दिलेली नाहीं.